ताकाहे आणि पुकेको : दोन पाणकोंबड्यांचा इतिहास

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. आमच्या गावाबाहेर एक जुने तळे आहे. त्याच्या एका अंगाला पाणकणसाची दाट बेटे माजलेली असतात आणि त्या बेटांत जांभळ्या पाणकोंबड्यांचा बारमाही मुक्काम असतो. संध्याकाळी पारावर चार मंडळी बसली होती. माझ्याजवळ एका परदेशी पक्ष्याचे रंगीत चित्र होते. ते मी सहज सर्वांपुढे धरले आणि विचारले, "ओळखा पाहू, हा पक्षी कोणता?"

आमचे तात्या सर्वांत वयोवृद्ध. त्यांनी चष्मा वर सारून चित्र न्याहाळले आणि निकाल दिला, "ही तर आपल्या तळ्यातली पाणकोंबडी. जरा खाऊनपिऊन लठ्ठ झालीय, एवढंच!"

सगळे हसले. पण मी म्हणालो, "तात्या, तुम्ही निम्मे बरोबर सांगितलेत. ही आपल्या पाणकोंबडीची भाऊबंदच आहे. पण आपली पाणकोंबडी उडते. हिला उडता येत नाही. आपली तळ्यातळ्यावर दिसते. ही साऱ्या जगात मिळून पाचशेच्या आसपास आहे. आणि दोघींतला फरक ओळखता आला नाही म्हणून हिच्यातली काही पाखरे माणसाच्या हातून हकनाक मेली आहेत."

त्या संध्याकाळी पारावर जी हकीकत मी सांगितली, तीच आज तुम्हांला सांगणार आहे. इतिहासाच्या अध्यापकाने पाखरांविषयी कशाला बोलावे, असे कुणी म्हणेल. पण इतिहास काही केवळ राजांचा आणि लढायांचा नसतो. माणूस जिथे जिथे गेला, तिथल्या झाडापाखरांच्या नशिबातही त्याने ढवळाढवळ केली, आणि तोही इतिहासच आहे. शिवाय दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत फरक का पडला, हे शोधणे हेच तर इतिहासाचे काम!

प्रथम या कुळाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत या पक्ष्यांना 'रेल' म्हणतात. आगगाडीच्या रुळांशी या नावाचा काही संबंध नाही, बरं का. आपल्याकडे हे कूळ चांगले परिचयाचे आहे. ओढ्याकाठी शेपटी उडवीत तुरुतुरु चालणारी पांढऱ्या छातीची पाणकोंबडी याच कुळातली. कपाळावर पांढरा टिळा मिरवीत तळ्यात पोहणारा काळा 'वारकरी' तुम्ही पाहिला असेल, तोही याच कुळातला. आणि निळ्याजांभळ्या अंगाची, तांबड्या चोचीची, लांब तांबड्या बोटांनी पाणवनस्पतींवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी तर या घराण्यातली देखणी. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत गेलात तर ती हमखास भेटेल. ज्यांची भातखाचरे तळ्याला लागून आहेत त्यांची मात्र तिच्याविषयी तक्रार असते. कोवळे भात ती खाते कमी आणि तुडवते जास्त!

आता आपण येथून थेट न्यूझीलंडला जाऊ. ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे, दक्षिण पॅसिफिक महासागरात हा देश आहे. उत्तर बेट आणि दक्षिण बेट अशी त्याची दोन मोठी बेटे आहेत. या देशात आपल्या जांभळ्या पाणकोंबडीचे दोन नातलग राहतात. एकाचे नाव पुकेको आणि दुसऱ्याचे ताकाहे. ही दोन्ही नावे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरी लोकांच्या भाषेतली आहेत.

पुकेको हा आपल्या जांभळ्या पाणकोंबडीचा इतका जवळचा नातलग आहे की अलीकडेपर्यंत शास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत धरीत. आता त्या दोन जाती मानतात. पुकेकोची पाठ काळी आणि छाती गर्द निळी. वजन सुमारे एक किलो. पाय लांब आणि सडपातळ. तो दलदलीत राहतो, गटागटाने राहतो आणि एकाच घरट्यात दोनतीन माद्या अंडी घालतात. कुणी अंगावर आले की आधी पळतो आणि फारच जवळ आले तर पाय लोंबकळत ठेवून उडून जातो. जंगले तोडून माणसाने कुरणे आणि शेते केली, तेव्हा हा पठ्ठ्या त्या शेतांतही सुखाने चरू लागला. आज त्या देशात तो इतका आहे की शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडतात आणि शिकारीच्या हंगामात त्याची शिकार करायला कायद्याने मुभा आहे.

ताकाहे मात्र तात्या म्हणाले तसा 'लठ्ठ'. वजन तीन किलोच्या घरात, म्हणजे पुकेकोच्या तिप्पट. उंची हातभर. रंग निळा खरा, पण पाठीवर आणि पंखांवर शेवाळी हिरवी झाक. पाय जाडजूड आणि चोच तर अशी भक्कम की चेहऱ्यावर तांबडी पक्कड बसवल्यासारखी वाटते. पंख आहेत, पण ते उडण्याच्या कामाचे नाहीत. भांडताना किंवा जोडीदाराला रिझवताना तो ते हलवतो, इतकेच. तो गटाने न राहता जोडीने राहतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि पुष्कळदा त्यांतले एकच पिल्लू मोठे होते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे डोंगरमाथ्यावरचे ठोंबाठोंबाने वाढणारे उंच गवत. गवताची काडी तो चोचीने उपटतो, एका पायात धरतो, बुडाचा कोवळा रसाळ भाग तेवढा खातो आणि बाकीची काडी टाकून देतो. आपण उसाचा बुडखा गोड म्हणून आधी तो चोखतो, तसेच हे. हिवाळ्यात बर्फ पडले की खाली रानात उतरतो आणि नेच्यांची मुळे उकरून खातो.

एकाच घराण्यातली ही दोन पाखरे. मग एक उडते, दुसरे उडत नाही, एक उदंड, दुसरे मूठभर, असे का झाले?

त्याचे उत्तर त्यांच्या येण्याच्या काळात आहे. न्यूझीलंडची भूमी कोट्यवधी वर्षांपूर्वी इतर खंडांपासून तुटली आणि समुद्रात एकटी पडली. वटवाघळे सोडली तर तिथे जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी उरला नव्हता. मांजर नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही, उंदीरसुद्धा नाही. अशा त्या भूमीत फार प्राचीन काळी ताकाहेचे पूर्वज समुद्र ओलांडून उडत आले. हो, उडतच आले! ज्याला आज उडता येत नाही, त्याचे पणजोबा शेकडो कोसांचा समुद्र पार करणारे होते.

आल्यावर त्यांनी काय पाहिले? खायला विपुल आहे आणि जमिनीवर मागे लागणारा कुणी नाही. आता, उडणे ही चैन नव्हे, ती महागडी गोष्ट आहे. पंखांचे स्नायू पोसायला पुष्कळ अन्न लागते आणि अंगही हलके ठेवावे लागते. ज्याला पळायचेच नाही, त्याने हा खर्च कशाला करावा? पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. ज्यांचे पंख लहान आणि अंग धष्टपुष्ट, त्यांचेच त्या थंड डोंगरांत बरे चालले. असे होत होत पंख दुबळे झाले, पाय जाड झाले, चोच भक्कम झाली. आकाशातून झडप घालणारे शिकारी पक्षी होते, पण त्यांच्यापासून वाचायला उडून उपयोग नव्हता. झुडपात गप्प बसणे पुरेसे होते.

पुकेको आला तो कितीतरी नंतर. ऑस्ट्रेलियाकडून तो न्यूझीलंडला येऊन स्थिरावला, याला फार तर हजारएक वर्षे झाली असावीत. म्हणजे माणसाच्या आगेमागेच तो आला. उडणे विसरायला त्याला सवडच मिळाली नाही, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले.

कारण तेराव्या शतकाच्या सुमारास माओरी लोकांचे पूर्वज आपल्या होड्यांतून या बेटांवर उतरले. त्यांच्याबरोबर कुत्रे आले आणि उंदीरही आले. त्यांनी रान जाळून मोकळे केले. सहा सहा मणांपर्यंत भरणारे मोआ नावाचे बिनपंखी पक्षी त्यांनी शिकार करून संपवले. ताकाहेही मारून खाल्ले. त्यांच्या जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत ताकाहेची हाडे सापडतात. ती हाडे सखल प्रदेशांतही मिळतात, त्यावरून हा पक्षी एकेकाळी केवळ डोंगरमाथ्यावर नव्हे, खालच्या मुलखातही होता हे उघड होते. उत्तर बेटावर त्याचा एक उंच भाऊ होता. तो तर पार नाहीसा झाला.

पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाले आले. त्यांनी शिकारीच्या हौसेसाठी तांबडी हरणे आणली, ससे आणले. ससे इतके माजले की मेंढ्यांना गवत उरेना. तेव्हा सशांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८० नंतर 'स्टोट' नावाचा प्राणी मुद्दाम आणून सोडला. हा आपल्या मुंगसासारखा चपळ, लांबोडका आणि रक्ताला चटावलेला. ससे पकडायला कष्ट पडतात. जमिनीवर घरटे करणारे आणि उडता न येणारे पाखरू त्याला आयतेच मिळाले! एक चूक निस्तरायला दुसरी चूक केली आणि तिची शिक्षा तिसऱ्यालाच झाली. आपल्या व्यवहारातही असे पुष्कळदा घडते.

आता ताकाहेची शास्त्राशी ओळख कशी झाली, ती गंमत ऐका. १८४७ मध्ये वॉल्टर मँटेल या गृहस्थांना उत्तर बेटावर काही हाडे सापडली. ती लंडनला गेली. तिथे रिचर्ड ओवेन या थोर शास्त्रज्ञाने १८४८ मध्ये ती तपासली आणि सांगितले की हा पाणकोंबडीच्या कुळातला एक मोठा, न उडणारा पक्षी असून त्याला मँटेल यांचे नाव द्यावे. सर्वांची समजूत अशी की मोआप्रमाणे हाही केव्हाच नामशेष झाला आहे.

आणि पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला सील नावाच्या सागरी प्राण्यांची शिकार करणाऱ्या खलाशांना बर्फात मोठ्या पाखराच्या पावलांचे ठसे दिसले. त्यांनी कुत्री सोडली. पाखरू जिवंत सापडले! खलाशांनी ते तीनचार दिवस गलबतावर ठेवले आणि मग भाजून खाल्ले. म्हणतात की चव फार चांगली लागली. नशीब एवढेच की त्यांनी कातडे जपून ठेवले होते. ते मँटेल यांच्या हाती आले आणि 'नामशेष' पक्षी जिवंत आहे, हे जगाला कळले.

दुसरा पक्षी १८५१ मध्ये त्याच बाजूच्या एका बेटावर माओरी लोकांना मिळाला. तिसरा १८७९ मध्ये टे आनाऊ सरोवराजवळ ससे पकडणाऱ्या माणसाच्या कुत्र्याने धरला. त्याचे अवशेष जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी गेले. तिथल्या मेयर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की दक्षिण बेटावरचा हा पक्षी उत्तर बेटावरच्या हाडांहून वेगळा आहे. चौथा १८९८ मध्ये पुन्हा त्याच सरोवराकाठी, पुन्हा कुत्र्यानेच धरला. तो सरकारने २५० पौंडांना विकत घेऊन डनेडिन शहरातल्या संग्रहालयात ठेवला.

लक्षात घ्या, पन्नास वर्षांत अवघे चार पक्षी, आणि चारही मेलेले. त्यानंतर मात्र काहीच नाही. एक वर्ष नाही, दहा नाही, तब्बल पन्नास वर्षे एकही ताकाहे कुणाला मिळाला नाही. पुस्तकांत त्याच्या नावापुढे 'नामशेष' असे लिहून टाकले गेले.

परंतु एका माणसाचे समाधान झाले नव्हते. हा माणूस पक्षीशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. इन्व्हरकार्गिल गावचा डॉक्टर होता. जेफ्री ऑर्बेल हे त्याचे नाव. लहानपणी त्याने संग्रहालयातल्या ताकाहेचे छायाचित्र पाहिले होते आणि हा पक्षी आता उरला नाही, असे उत्तर त्याला मिळाले होते. ते उत्तर त्याने मुकाट्याने मान्य केले नाही. मोठेपणी हा डॉक्टर सुट्टी मिळाली की टे आनाऊ सरोवरापलीकडच्या मर्चिसन पर्वतात भटके. जुने नकाशे पाही, जाणत्या लोकांना विचारी. १९४८ च्या एप्रिलमध्ये त्याला डोंगरातल्या एका अपरिचित तळ्याकाठी मोठ्या पाखराचे ठसे दिसले आणि कधी न ऐकलेला आवाज कानी पडला.

तो परत आला आणि पावसाळी थंडीचे महिने जाऊ दिले. २० नोव्हेंबर १९४८ रोजी तीन सोबत्यांसह तो पुन्हा त्याच तळ्यावर गेला. आणि उंच गवतातून एक निळा, तांबड्या चोचीचा पक्षी डुलतडुलत बाहेर आला! त्यांनी जाळे टाकून दोन पक्षी धरले, त्यांची छायाचित्रे घेतली आणि चलच्चित्रही काढले. मग काय केले? सोडून दिले. इतिहासाच्या अभ्यासकाला मला ही गोष्ट त्या शोधाहूनही मोठी वाटते. १८४९ चे खलाशी पक्षी भाजून खातात आणि १९४८ चा डॉक्टर तो धरून सोडून देतो. मधल्या शंभर वर्षांत माणूस काहीतरी शिकला होता.

ही बातमी जगभर गेली. सरकारने त्या डोंगराळ प्रदेशात परवान्यावाचून जाण्यास बंदी केली. सर्वांना वाटले, आता झाले, पाखरू वाचले.

पण नुसती बंदी घालून पाखरू वाचत नाही. माणसे आत जात नव्हती, पण हरणे जात होती! ताकाहे ज्या गवताच्या बुडख्यावर जगतो तेच गवत हरणांनाही आवडे. फरक असा की ताकाहे एकेक काडी उपटून ठोंब जिवंत ठेवतो आणि हरणे ठोंबच मारून टाकतात. शिवाय स्टोट होताच. पाहणी करणारे दरवर्षी मोजत होते आणि आकडा खाली खाली जात होता. १९८२ मध्ये अवघे ११८ पक्षी उरले होते.

तेव्हा माणसांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. त्यांतली पहिली तुम्हां शेतकरी मंडळींना ओळखीची वाटेल. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एल्विन वेल्श नावाच्या एका शेतकऱ्याने ताकाहेची पिल्ले वाढवायला घरच्या लहान जातीच्या कोंबड्या वापरल्या. आपल्याकडे नाही का, खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवीत? तोच हा प्रकार. या शेतकऱ्याच्या खटपटीतून पुढे माऊंट ब्रूस येथे दुर्मिळ पक्ष्यांचे संवर्धन-केंद्र उभे राहिले.

मग डोंगरांतल्या हरणांची मोठ्या प्रमाणावर शिकार सुरू झाली. १९७० नंतर तर हेलिकॉप्टरमधून हरणे मारली. गवत पुन्हा वर आले. १९८५ मध्ये बरवुड येथे पैदास-केंद्र निघाले. ज्या घरट्यात दोन अंडी असतील त्यातले एक उचलून आणायचे, यंत्रात उबवायचे आणि पिल्लू वाढवायचे, अशी रीत पडली. पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून भरवणारा माणूस हातात ताकाहेच्या तोंडाची बाहुली घालून भरवी! पुढे अनुभवाने ती रीत सोडून दिली आणि पिल्ले ताकाहे आईबापांकडूनच वाढवू लागले. ज्या लहान बेटांवर उंदीर-स्टोट नाहीत, अशा कापिती, माना, तिरितिरी मातांगी वगैरे बेटांवर काही जोड्या नेऊन सोडल्या. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे शहाणपण इथे शब्दशः कामी आले. २००७ मध्ये मर्चिसन पर्वतात स्टोट अचानक वाढले आणि तिथले निम्मे ताकाहे मारले गेले. बेटांवरचे तेवढे सुरक्षित राहिले.

आता मी तुम्हांला ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी ही सारी हकीकत सांगायला घेतली.

ऑकलंड शहराजवळ मोटुटापु नावाचे बेट आहे. तिथले उंदीर-स्टोट मोठ्या कष्टाने संपवून ताकाहे आणून सोडले होते. त्या बेटावर पुकेकोही होतेच. ते भांडखोर, दुसऱ्या पाखरांच्या अंड्यापिल्लांना त्रास देणारे. म्हणून २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांची संख्या कमी करायचे ठरले आणि अनुभवी शिकाऱ्यांना बोलावले. आधी असाच एक प्रमाद घडून गेलेला होता. २००८ मध्ये माना बेटावर पुकेको समजून एक ताकाहे मारला गेला होता. त्यामुळे या खेपेला शिकाऱ्यांना दोन्ही पक्ष्यांतला फरक समजावून सांगितला होता. शिवाय एक साधा नियम घालून दिला होता : उडणाऱ्या पाखरावरच गोळी झाडायची.

किती सोपा नियम पाहा! ताकाहे उडतच नाही. तेव्हा जो उडतो तो पुकेको. लाखो वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात साठवलेला होता. तरीसुद्धा त्या दिवशी चार ताकाहे गोळ्यांना बळी पडले. त्या वेळी साऱ्या जगात जेमतेम तीनशे ताकाहे होते. म्हणजे शंभरातला एकाहून जास्त, एका दिवसात! आणि मारणारे कोण? वैरी नव्हेत. पाखरांच्या रक्षणासाठीच आलेले लोक. ज्या माओरी जमातीच्या मुलखातून हे पक्षी विश्वासाने तिकडे पाठवले होते, त्या न्गाई टाहू लोकांना फार दुःख झाले. ते ताकाहेला आपला ठेवा मानतात. घरातला दागिना विश्वासाने शेजारी ठेवावा आणि त्याने तो पितळ समजून मोडीत घालावा, असेच हे झाले.

मला येथे कुणाला दोष द्यायचा नाही. दोष देऊन चार पाखरे परत येत नाहीत. पण या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हरीण आणि स्टोट यांच्याशी झगडायला बंदुका होत्या, सापळे होते, पैसा होता. पण या खेपेला शत्रू वेगळाच होता. तो होता आपल्या डोळ्यांतला आळस. निळे दिसले, तांबडी चोच दिसली, की मनाने ठरवून टाकले, 'हा तो नेहमीचाच.' नेहमीचे जे असते त्याच्याकडे आपण निरखून पाहत नाही, आणि जे दुर्मिळ असते ते नेहमीच्यासारखेच दिसत असेल तर त्याचा घात होतो.

पुढची बातमी मात्र चांगली आहे, तीही ऐका. लोकांनी प्रयत्न सोडला नाही. २०१८ मध्ये काहुरांगी राष्ट्रीय उद्यानातल्या मोकळ्या रानात ताकाहे सोडले. २०२३ मध्ये न्गाई टाहूंच्या मालकीच्या ग्रीनस्टोन खोऱ्यात अठरा पक्षी सोडले. त्या खोऱ्यात ताकाहेचे पाऊल कित्येक पिढ्यांत उमटले नव्हते. त्या वर्षी ताकाहेंची एकूण संख्या पाचशेच्या घरात गेली. ११८ वरून पाचशे! चाळीस वर्षे लागली. पाचशे म्हणजे आपल्या एखाद्या लहान वाडीतल्या कोंबड्यांएवढी संख्या, हेही खरे. पण आकडा खाली जायचा थांबून वर जाऊ लागला, हे थोडे नव्हे.

ही गोष्ट मी पारावर सांगून संपवली तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे उडता येत नाही हा काही त्याचा नालायकपणा नव्हे. त्याला कधी गरजच पडली नाही."

तात्यांनी एका वाक्यात मर्म सांगितले. पुकेको हुशार म्हणून तरला आणि ताकाहे मठ्ठ म्हणून बुडू लागला, असे आपण पटकन म्हणू. पण तसे नाही. ताकाहे त्याच्या जगाला पुरेपूर योग्य होता. त्याचे जगच माणसाने पाचसातशे वर्षांत बदलून टाकले, आणि पंख पुन्हा उगवायला पाचसातशे वर्षे पुरत नाहीत. पुकेकोला नवे जग मानवले, कारण तो नुकताच बाहेरून आला होता आणि अजून सावध होता. एकाच घराण्यातल्या दोघांची ही तऱ्हा! तेव्हा कुणी मागे का राहिला याचा निवाडा करण्याआधी, तो कुठून आला आणि त्याच्यावर काय काय गुदरले, हे विचारावे. पाखरांना लागू आहे ते माणसांनाही थोडेफार लागू आहे.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. आपल्याकडे ताकाहे नाही, पण तळी आहेत, पाणथळी आहेत, आणि तिथे याच कुळातली पाखरे आहेत. एखाद्या सकाळी मुलांना तळ्यावर घेऊन जा. 'पाणकोंबडी' एवढे एकच नाव सांगून थांबू नका. पांढऱ्या छातीची कोणती, जांभळी कोणती, टिळेवाला वारकरी कोणता, हे मुलांना स्वतः ओळखू द्या. कोणती पोहते, कोणती चालते, कोणती उडते, शेपटी कशी हलते, हे वहीत लिहून काढायला सांगा. पुढल्या वर्षी पुन्हा जा आणि ती वही पडताळून पाहा. पाचदहा वर्षांनी ती वही म्हणजे तुमच्या गावाच्या तळ्याचा इतिहास होईल. ताकाहेची घटती संख्या कळली, ती कुणीतरी दरवर्षी जाऊन मोजत होते म्हणून. त्यावाचून ११८ हा आकडा कुणाला कळलाच नसता, आणि पाखरू संपल्यावर लोक म्हणाले असते, "अरे, परवापरवा तर होते!"

आणि शेतकरी बांधवांनो, तुमच्या खाचरात शिरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीचा राग येतो, ते मी समजू शकतो. तिला हाकलायचे तर जरूर हाकला. पण हाकलण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहा. ती पाय लोंबकळत ठेवून, धडपडत, पाण्यावरून उडून जाईल. ते उडणे फार डौलदार नसते. पण तिच्या एका दूरच्या भावंडाने तेवढेही गमावले आणि त्यापायी त्याच्यावर काय प्रसंग आला, ते आता तुम्हांला ठाऊक आहे.